पाहुण्यांची टूर

झोप येत नाहीये. सगळे जेटलॅगच्या नावावर ढकलतायत, मीही मान डोलावली, पण जेटलॅग असता तर दुपारी डुलक्या आल्या असत्या ना. दिवसभर मी टक्क जागी होते, आनंदात होते, आणि रात्री जेवणं झाल्यावर शुभाचा मेसेज आला. फोटो टाकले होते मी ग्रुपवर, त्याच्या खाली नाही, वेगळा, पर्सनलवर. "मिलवॉकी मस्त आहे ना! कॉन्ट्रॅक्टरचा जोक झाला का? 😂"

एवढंच. त्यावर मी पण एक हसरा चेहरा टाकला आणि फोन उलटा ठेवून दिला.

कॉन्ट्रॅक्टरचा जोक म्हणजे असं की इथे अमेरिकेत, मिलवॉकीच्या डाउनटाउनला लेक मिशिगनच्या कडेने जाताना एक मोठा पिवळ्या कमानींचा पूल लागतो, होन ब्रिज. ताई म्हणाली हा बांधून तयार होता पण दोन्ही टोकांना जोडणारे रस्तेच नव्हते, वर्षानुवर्षं नुसता हवेत उभा, लोक त्याला 'कुठेच न जाणारा पूल' म्हणायचे, शेवटी १९७७ मध्ये सुरू झाला. मग स्टिअरिंगवरचा एक हात सोडून म्हणाली, "आपल्याकडचाच कॉन्ट्रॅक्टर असणार गं." मी इतकी हसले. खरंच हसले, उगाच नाही. मला वाटलं तिला ते तिथल्या तिथे सुचलं, मी शेजारी बसलेय म्हणून सुचलं.

जूनमध्ये शुभा आली होती तेव्हाही सुचलं होतं म्हणजे.

मग मी शुभाचे जूनचे फोटो काढून बसले. नको होतं बघायला पण बघितले. म्युझियमच्या समोरच्या पायी पुलावर तिचा फोटो, मागे ती पांढरी इमारत, डावीकडे पाण्याचा तुकडा. माझाही तसाच. तशाच म्हणजे अगदी तशाच जागी, तेवढ्याच अंतरावरून. ताई फोटो काढताना मोजल्यासारखी मागे गेली होती आणि एक गुडघा टेकून बसली होती, मला केवढं कौतुक वाटलं की या वयात बहिणीसाठी गुडघे टेकते. ती गेल्या वर्षी आलेल्या जिजूंच्या मावसभावासाठी पण टेकली असणार. त्यांच्या प्रोफाइलला तोच फोटो आहे, आत्ता लक्षात आलं.

आता यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? हाच तर प्रश्न आहे. गावात बघण्यासारखं जे आहे तेच दाखवणार ना माणूस. दरवेळी नवीन शहर कुठून आणणार. कळतंय मला. पण कळून काही उपयोग होत नाहीये, रात्रीचे दोन वाजलेत.

टूर छान असते तिची, हे आधीच कबूल करते. नदीवरचे पूल दाखवले. मिलवॉकी नदीच्या दोन काठांवर पूर्वी दोन वेगळी गावं होती, पूर्वेला जूनोचं आणि पश्चिमेला किलबर्नचं, आणि दोघांचं एकमेकांशी इतकं वाकडं की किलबर्नने आपले रस्ते मुद्दाम असे आखले की पलीकडच्या रस्त्यांशी जुळताच कामा नयेत. १८४५ मध्ये पुलांवरून मारामाऱ्या झाल्या, पूल पाडले, पुढच्या वर्षी शेवटी सगळ्यांचं मिळून एक शहर झालं. पण रस्ते न जुळणारे ते न जुळणारेच राहिले, म्हणून आजही डाउनटाउनचे काही पूल नदीवर तिरके आहेत. सरळ जाणारी गाडी पुलावर जरा कलते आणि मग पलीकडे जाते. ताई म्हणाली, "भाऊबंदकी बघ, पावणेदोनशे वर्षं झाली तरी पूल तिरका."

मग आम्ही दोघी जरा वेळ गप्प होतो. सांगलीच्या घराचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. कागद माझ्या बॅगेतच आहेत. असो.

ते वाक्य शुभाला ऐकवलं असेल का? शुभाला काय, तिला त्यात काहीच लागलं नसतं.

पुढे सोशलिस्ट महापौर झाले. म्हणजे टूरमध्ये झाले. या शहराने तीन सोशलिस्ट महापौर निवडून दिले, अमेरिकेत, विश्वास बसतो का, आणि त्यातल्या एकाचं, डॅनियल होनचं, नाव त्या पुलाला. चोवीस वर्षं होता, १९१६ ते १९४०. यांना चिडवायला लोक 'गटारी सोशलिस्ट' म्हणायचे कारण हे सतत गटारं, नळ, स्वच्छता यावर बोलायचे. इथल्या मैलापाण्याच्या गाळापासून १९२६ पासून खत करतात आणि पिशव्या भरून विकतात, जिजू लॉनला तेच टाकतात, गॅरेजमध्ये पिशवी आहे. ताईने ती पिशवी परत घरी आल्यावर दाखवलीसुद्धा. मला आता वाटतंय की गॅरेज पण टूरमध्येच होतं.

टाइपरायटरचं झालं. शोल्स नावाच्या माणसाने इथे केला, १८६८ चं पेटंट, आणि "तू जी मोबाईलवर बोटं आपटत असतेस ना, ती अक्षरांची रचना त्याचीच." हे ती आईलाही फोनवर सांगायची, मला आठवतंय. आई म्हणायची हो का, आणि मग मला सांगायची की ताई आज खूप बोलली.

खरं दुखणं काय आहे ते लिहायचा प्रयत्न करते. सांगलीला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना गाव दाखवायला ताईच न्यायची. बाबा ऑफिसात, आई ओट्याशी. मग ताई पुढे, पाहुणे मध्ये, आणि मी पाण्याची बाटली घेऊन मागे. गणपती मंदिर, मग घाट, मग आयर्विन पूल. पुलावर मधोमध थांबून ती सांगायची की हा १९२९ चा, व्हॉइसरॉयच्या नावाचा, आणि पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते कठड्यावरून वाकून दाखवायची, आणि दरवेळी एखादी काकू ओरडायची, अगं पडशील. ताईला ते ओरडणं हवंच असायचं. कुठल्या वाक्याला थांबायचं, कुठे वाकायचं, सगळं मला पाठ होतं. एकदा तिला ताप होता तर मीच म्हटलं मी नेते, तर म्हणाली तुला नाही जमणार, आणि तापात उठून आली. परतीला भडंग. पाहुणे पैसे द्यायला गेले की ती नको म्हणायची, आणि ते घरी पोचल्यावर माझ्या हातात काहीतरी ठेवायचे, ते मी तिच्याबरोबर वाटून घ्यायची.

तर मी टूरच्या त्या बाजूला होते. स्टाफमध्ये म्हणा. मला पाहुणे कसे हसतात, कुठे कंटाळतात, हे मागून दिसायचं आणि ताई माझ्याकडे बघून फक्त भुवई उडवायची. आज मी मध्ये चालत होते आणि मागे कोणी नव्हतं आणि ती भुवई उडवणार कोणाकडे.

हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं आणि जरा हसू पण आलं. पन्नाशीला टेकलेली बाई, हजारो मैल विमानात बसून आली, आणि रडते कशाला तर बाटली धरायला मिळाली नाही म्हणून.

पण अजून एक आहे आणि तेच मला झोपू देत नाहीये.

टूरचा मुख्य आयटम म्हणजे आर्ट म्युझियमचे पंख. कालात्रावा नावाच्या स्पॅनिश आर्किटेक्टने केलेली ती इमारत, २००१ ची, आणि तिच्या डोक्यावर खरोखरचे हलणारे दोन पंख, उघडले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २१७ फूट. सकाळी उघडतात, दुपारी बाराला मिटून परत उघडतात आणि संध्याकाळी मिटतात. ताईने सगळी सकाळ त्या बारा वाजण्याभोवती बांधली होती, पावणेबारा वाजता मला ओढत त्या पायी पुलावर आणून उभं केलं. वारा असा की माझी ओढणी माझ्या हातात राहीना. घरून निघताना ऊन होतं, ब्रुकफील्डला मी स्वेटर काढून ठेवला होता, आणि लेकपाशी आल्यावर दात वाजायला लागले. इथे हवामानाच्या बातम्यांत म्हणे कायम ते एक शेपूट असतंच की लेकजवळ थंडी जास्त.

बारा वाजले. काही नाही. बारा पाच. पंख मिटलेले ते मिटलेलेच. ताई आत जाऊन विचारून आली. वारा ताशी २३ मैलांच्या वर गेला की सेन्सर पंख मिटवून टाकतात, आज सकाळपासून उघडलेच नाहीत.

आणि ताईचा चेहरा असा पडला. मी म्हटलं अगं जाऊ दे, बंद पण छान दिसतंय. ती म्हणाली, "बंद काय बघायचं." इतक्या चिडून म्हणाली की शेजारच्या बाईने वळून बघितलं. पुढचं वाक्यच नव्हतं तिच्याकडे. मी तिला इतक्या वर्षांत असं रिकामं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

मग आम्ही गाडीत येऊन बसलो, लेकच्या कडेला जिथे मोठं मैदान आहे तिथे गाडी नेऊन लावली. वाऱ्याचा फायदा घेऊन लोक पतंग उडवत होते, मोठे, शेपट्यांचे. समोर पाणी, पलीकडचा काठ दिसायचा प्रश्नच नाही, पलीकडे मिशिगन राज्य, बोटीने अडीच तास आणि उतरलं की घड्याळ एक तास पुढे. लाटा मात्र येतात, चांगल्या दगडांवर आपटतात. भरती-ओहोटी म्हणावी अशी नाही, सगळं वाऱ्याचं काम. हे ताईने सांगितलं पण खिडकीतून बाहेर बघत, टूरच्या आवाजात नाही.

माझ्या पर्समध्ये भडंगाचं एक छोटं पाकीट होतं, घरी बाकीची दिली तेव्हा हे राहून गेलेलं. तिने ते दाताने फाडलं. आणि मांडीवर घेऊन खायला लागली, मला न विचारता, आधी लसणाच्या पाकळ्या शोधून शोधून, मग शेंगदाणे, मला उरलेले कुरमुरे. लहानपणी यावरून भांडणं झालीयत आमची. मी काही बोलले नाही. सीटवर तेलकट हळदीची बोटं उमटली, ही बाई गाडीत कोणाला पाणी पिऊ देत नाही.

मग म्हणाली, "नवीन असताना इथे येऊन बसायची मी."

"कधी?"

"थंडीत. आर्या मागे झोपलेली असायची."

"आणि?"

"आणि काय. बसायची."

मी थांबले. वाटलं पुढे काहीतरी येईल. तिने पाकीट उलटं करून तळाचा मसाला तळहातावर घेतला आणि चाटला. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाली, चीज राहिलंय, चल. आणि आवाज परत टूरचा.

चीज झालं. ताजं असेल तर ते चीजचे गोळे चावताना दातांखाली चक्क वाजतात, ओल्या फरशीवर नव्या रबरी चपला वाजतात तसे. दुसऱ्या दिवशी वाजत नाहीत म्हणून ताजेच घ्यायचे. मग कस्टर्ड खाल्लं, आइसक्रीमचाच प्रकार पण अंड्याचा बलक घातलेला, जिजूंच्या आईंना हे अजून कोणी सांगितलेलं नाही आणि त्या दरवेळी दोन स्कूप खातात. हा पण टूरचाच जोक असणार. जाऊ दे, चांगला आहे.

तर प्रश्न असा की ते गाडीतलं. ते पण सगळ्यांना मिळतं का? "नवीन असताना इथे येऊन बसायची" हे ती शुभाला म्हणाली असेल का, त्याच जागी गाडी लावून, तसंच खिडकीबाहेर बघत? मला सरळ विचारता येईल. मी टाइप केलं, "तुम्ही लेकपाशी गाडीत बसलेलात का गं", आणि पुसलं. परत टाइप केलं, परत पुसलं. त्या शोल्सला आशीर्वाद. शुभा म्हणाली 'हो' तर मी काय करणार आहे? आणि 'नाही' म्हणाली तर तरी काय, इतकी वर्षं थंडीत ती बाई एकटी पाण्याकडे बघत बसायची आणि आम्हाला फोनवर टाइपरायटर सांगायची, हे काय मला मिळालेलं बक्षीस आहे?

आईला माहीत होतं का, हे पण एक आहेच. ते आज नको.

उद्या पेवॉकीचं देऊळ आहे, शेजारीच जैन मंदिर आहे म्हणे, परवा काय ते फ्रिजवर लिहिलंय. फ्रिजवर खरंच लिहिलंय, मी पाणी प्यायला गेले तेव्हा बघितलं, मॅग्नेटखाली कागद, ताईचं अक्षर, जुना कागद आहे, कडा मऊ झाल्यात. त्यावर 'पंख १२ वा.' च्या पुढे आज तिने पेनाने बारीक लिहिलंय, "रविवारी परत बघू." म्हणजे ती सोडणार नाही.

शुभाला शेवटी वेगळंच विचारलं, तुझ्याकडे पंखांचा व्हिडिओ आहे का, माझे उघडले नाहीत. तिने लगेच पाठवला, तिकडे दुपार आहे. पंख हळूहळू उघडतायत, चांगले रेंगाळत, आणि मागे ताईचा आवाज, २१७ फूट, कालात्रावा, आणि मग एकदम, "बघ बघ बघ, आता बघ!" शुभाला.

मी अर्ध्यावर बंद केला. वायफाय ताईचंच आहे, तरी पण.