नवा कोबाल्ट आला तेव्हा

मी सोलापुरात कॅन्सरच्या रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे रुग्णांना द्यायच्या किरणांचा हिशेब ठेवणारा. कॅन्सरवर किरण सोडणाऱ्या आमच्या कोबाल्ट मशीनचा सोर्स, म्हणजे त्यातला किरणोत्सारी कोबाल्ट-६०, नुकताच बदलला. कोबाल्ट-६० ची ताकद दर महिन्याला जवळपास १ टक्क्याने उतरते आणि ५.२७ वर्षांत निम्मी होते. मशीन ठणठणीत असतं, पण किरणांचा तोच डोस द्यायला वेळ जास्त लागतो. तंबाखूने तोंड पोखरलेल्या माणसाला चेहऱ्यावर मास्क बांधून तेवढा वेळ निश्चल पडून राहायचं, हा खरा त्रास.

शिशाच्या जाडजूड फ्लास्कमधून नवा सोर्स आला, जुना परत गेला. किरणोत्सार दाखवणारा सर्व्हे मीटर घेऊन खोलीचा कोपरा न् कोपरा तपासला, पाण्याच्या टाकीत आयन चेंबर हे डोस मोजायचं उपकरण ठेवून डोस मोजला आणि प्रत्येक रुग्णाची वेळ नव्याने काढली.

उपचार पुन्हा सुरू झाले त्या सकाळी विडी वळणाऱ्या एक मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं की इतक्यात! सगळं दिलं न्हवं?"

पूर्ण दिलं होतं, निम्म्या वेळात. सोबतची भाची मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. तिने विचारलं, "सर, हा सोर्स बनतो कुठं?"

अणुभट्टीत. साधा कोबाल्ट-५९ न्यूट्रॉन गिळतो आणि कोबाल्ट-६० होतो. राजस्थानात रावतभाट्याला वीज करणाऱ्या भट्ट्यांतच तो तयार होतो. हे ऐकून ती जागची हलेना. अणू शिकायचं म्हणजे बॉम्ब नाहीतर वीज, एवढंच तिच्या कानावर होतं.

मग मी सविस्तर सांगितलं. आपल्याकडे बी.टेक.ला न्यूक्लिअरच्या जागा मोजक्या. बहुतेक जण मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल करूनच या क्षेत्रात येतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. निवड झाली की वर्षभर विद्यावेतनासह शिक्षण, पुढे संशोधन किंवा भट्टीची रचना. अणुऊर्जा महामंडळही गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेतल्या गुणांवर इंजिनिअर घेतं. सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक मंडळालाही इंजिनिअर लागतात. माझी वाट वेगळी होती: भौतिकशास्त्रात एम.एस्सी., नंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा.

"पण मेकॅनिकलवाल्याचं भट्टीत काय काम?"

भट्टीतली उष्णता सतत काढत राहणं हे मेकॅनिकलचंच काम. भट्टी बंद केली तरी इंधन तापतच राहतं, पंप थांबून चालत नाही. मला विचाराल तर सोलापूरच्या पोरांनी कॉलेजच्या नावाची काळजी सोडून हीट ट्रान्सफर, म्हणजे उष्णता इकडून तिकडे कशी जाते तो विषय, पक्कं करावं. तिलाही तेच सांगितलं आणि पुस्तक घेऊन यायला सांगितलं. मावशींचा नंबर लागेपर्यंत रोज अर्धा तास तरी मिळतोच.