तुम्ही विचारलंत म्हणून: कोयनेचे भूकंप धरणामुळेच होतात ना?

सच्छिद्र खडकात साठलेलं पाणी कसं वागतं, हा माझा विषय आहे. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. लग्नात, गाडीत, व्याख्यानानंतरच्या चहाला. मी ‘हो’ म्हटलं तर लोक खूश, ‘हो, पण’ म्हटलं की चेहरे पडतात. सरकारची बाजू घेते, असंही ऐकून झालंय. तरी तो ‘पण’ मी सोडणार नाही.

धरणातल्या शंभर मीटर खोल पाण्याचा दाब म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट. पाच किलोमीटर खोलीवरच्या खडकावर वरच्या खडकांचंच ओझं हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त असतं. विद्यार्थी असताना मी म्हणायचे, एवढ्याशा वाढीनं काय होणार? तेव्हाचं माझं म्हणणं मला आजही सगळं खोडता येत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेच्या धक्क्यात जी ऊर्जा सुटली ती धरणानं भरलेली नव्हती, ती पृथ्वीच्या कवचात आधीच साठलेली होती. पण खडकातल्या ज्या भेगेवर भूकंप होतो तिच्या दोन बाजू घर्षणानं एकमेकींना धरून असतात. आतल्या पाण्याचा दाब वाढला की ती पकड सैल होते. घसरायच्या बेतात असलेल्या भेगेला मग थोडकंही पुरतं.

पाटण तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मी हेच सांगत होते. मागच्या रांगेतले एक काका उठले. त्यांचा थोरला भाऊ त्या पहाटे घराखाली गेला होता, हे मला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, “मॅडम, धरणाचं पाणी खाली जातंय म्हणताय. मग आमची हीर वैशाखात आटती कशापायी?”

इतका नेमका प्रश्न मला कुठल्याच परिषदेत कुणी विचारलेला नाही. मी म्हटलं, काका, विहिरीला वरच्या मुरमातलं, फुटक्या कातळातलं पाणी लागतं. धरणाचं पाणी तिथवर येत नाही आणि खोल भेगेपर्यंतही फारसं जात नाही. जातो तो दाब. तुमचा पाइप आधीच भरलेला असला तर मोटर चालू करताच शेताच्या टोकाला पाणी पडतं. ते विहिरीतून आत्ता निघालेलं नसतं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पाइपाला कॉक असतोय. ह्याला कुठंय?”

हॉलमध्ये कुणी हललं नाही. धरण किती वेगानं भरतं, पातळी कुठवर जाते, ती किती दिवस टिकते, यावर धक्क्यांचं प्रमाण अवलंबून दिसतं, हे मी सांगितलं. काका ऐकत होते, पण त्यांना हवं होतं ते हे नव्हे. “म्हंजे हो ना? एका शब्दात सांगा.” मी एका शब्दात सांगितलं नाही. ते चप्पल घालून निघून गेले. तो एक शब्द त्यांना द्यायला हवा होता, असं माझे सहकारी म्हणतात. मला अजून तसं वाटत नाही, आणि ते जाताना दिसतात तेही थांबत नाही.

पाइपाच्या उदाहरणात एक गोष्ट येत नाही: वेळ. 1956 साली मॉरिस बियो या शास्त्रज्ञानं मांडलेल्या समीकरणांत पाण्यानं भरलेल्या खडकात नेहमीच्या लहरींखेरीज आणखी एक मंद लहर निघते. तिच्यात खडकाचा सांगाडा आणि पाणी एकमेकांच्या उलट हलतात. 1980 मध्ये थॉमस प्लोना या संशोधकानं ती प्रयोगशाळेत, काचेचे मणी वितळवून जोडलेल्या तुकड्यात प्रत्यक्ष दाखवली. कमी वारंवारतेला, म्हणजे दाब सावकाश बदलत असेल तेव्हा, मात्र ती लहर उरतच नाही, उष्णतेसारखी झिरपत पसरते. अंतर पाचपट तर वेळ पंचवीसपट: एक किलोमीटरला दहा दिवस लागले तर पाचला आठ महिने. पावसाळ्यात चढलेला दाब खाली कधी पोचेल, हे भेगांच्या जाळ्यावर ठरतं. म्हणूनच कोयनेत पावसाळ्यानंतर आणि पुन्हा हिवाळ्यात धक्के वाढतात, तेव्हा मला ते आधी कॅलेंडर वाटतं आणि मग मॉडेल.

“मग धरण रिकामं करा,” असंही म्हणतात. रिकामं केल्यावर ओझं लगेच उतरतं, खाली पोचलेला दाब मात्र लगेच उतरत नाही. त्या मधल्या काळात भेग कशी वागेल, याची हमी मी देणार नाही.

1967 बद्दल विचाराल तर पाण्याचा हात होता, असं मी ठामपणे म्हणेन. पुढच्या धक्क्याबद्दल विचाराल तर पुन्हा ‘पण’ येईल, आणि तो ऐकायला तुम्ही थांबावं अशी माझी विनंती आहे.