सुट्टं मिळेल

दुकानावर पाटी लागली तेव्हा मी पेंटरला ‘हॉबी’ हा शब्द मोठा काढायला सांगितला होता. पहिल्या आठवड्यात आलेल्यांपैकी निम्मी माणसं पोरांना चित्रकलेच्या क्लासला घालायला आली होती. दोघींनी मेंदीच्या कोर्सची फी विचारली. एका आजोबांनी तर सरळच विचारलं, ‘हॉबी म्हंजे काय वो? कशाचं दुकान हाय हे?’ मी काचेतलं १:७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, हातानं जोडलेलं विमान काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, किंमत ऐकली आणि अगदी सभ्यपणे परत ठेवलं. ‘पोरगं दोन दिसांत मोडंल की हे.’

ही २०११ ची गोष्ट, कोल्हापुरातल्या शाहूपुरीतली. त्याआधी मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करायच्या खात्यात, होतो. ओतकाम थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. दिवसभर हे माप सांभाळायचं आणि घरी येऊन अकरा मीटर पंखांचं स्पिटफायर विमान साडेपंधरा सेंटिमीटरमध्ये बसवायचं, असा माझा दिनक्रम. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा स्वतःचा कॅमेरा घडवला, त्या गावात हात शिवशिवणाऱ्या माणसांची कमी नाही. कमी होती ती सामानाची.

तेव्हा मी गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाईक म्हणून फार चिडका होतो. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दुकान उघडेपर्यंत चहावर चहा प्यायचे. यादीतल्या दहा वस्तूंपैकी चार मिळायच्या. काउंटरमागचा माणूस खोक्याला हात लावू द्यायचा नाही. बाल्सा या हलक्या लाकडाच्या तीन फुटी पातळ पट्ट्या छातीशी धरून परतीचा प्रवास. एकदा मिरजेला चढणाऱ्या एकाची बॅग लागून सहापैकी पाच पट्ट्या मोडल्या. त्या रात्री ठरवलं, की कोल्हापुरात असं दुकान पाहिजे. ते मीच काढायला पाहिजे, असा त्याचा अर्थ होत नव्हता, पण मी तो काढला.

दुकान टाकल्यावर पहिली दोन वर्षं एकच वाक्य ऐकलं. ‘तुमच्याकडं नेमकं पाहिजे ते नसतंय बघा.’ मी मुंबईत जे म्हणायचो तेच. काउंटरच्या अलीकडून ते वेगळं ऐकू येतं. रंगांच्या दहा मिलिलिटरच्या बाटल्यांचा अख्खा संच ठेवावा लागतो. त्यातला ऑलिव्ह, काळा आणि चंदेरी संपतो, बाकीचे वाळून खडखड वाजतात. वितरकाला फक्त ऑलिव्ह मागितला तर तो देत नाही, पूर्ण पेटीच घ्यावी लागते. एक मोठा किट, म्हणजे जोडायच्या मॉडेलचं खोकं, विकायला दीड-दोन वर्षं लागली तर त्यात अडकलेले पैसे कोण मोजतो? भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला मोजावं लागतं.

एका डॉक्टरांनी १:३५ चा रणगाडा सांगितला होता. मी तोंड भरून ‘आठ दिवसांत’ म्हणालो. यायला पाच आठवडे लागले. तोवर त्यांनी ऑनलाइन मागवला होता, तोही माझ्यापेक्षा स्वस्तात. बिचारे ओशाळून सांगायला आले. मी दोन दिवस त्यांच्यावर धुसफुसत होतो. चूक माझीच होती. वितरक ‘आठ दिवस’ म्हणतो तेव्हा ते आठ दिवस कधीच नसतात, हे मला ठाऊक होतं. तो रणगाडा चार वर्षं शेल्फवर बसला, शेवटी मीच जोडला. आता निम्मा ॲडव्हान्स घेतो आणि महिनाभर लागेल असं सांगतो. लवकर आला तर माझं नशीब.

मग फोटोवाले सुरू झाले. कॉलेजची पोरं यायची, खोकं हातात घेऊन निरखायची, तासभर प्रश्न विचारायची, बारकोडसकट फोटो काढायची आणि ‘येतो काका’ म्हणून जायची. मी संतापून ‘फोटो काढू नये’ अशी पाटी लावली. आठ महिने ती होती. विक्री एक रुपयानं वाढली नाही, पोरं मात्र यायची बंद झाली. शेवटी बायकोनंच विषय काढला. ‘ती पाटी काढा आधी. मी रोज सकाळी शटर उघडतो, तर पहिलं तेच तोंडावर येतंय. आणि किराण्याच्या दुकानात मोहरी पन्नास ग्रॅम मिळती, मग तुमच्यात एक स्क्रू का मिळत नाही?’

त्या प्रश्नानं दुकान बदललं. रिमोटच्या गाडीचा एक दोन मिलिमीटरचा स्क्रू हरवला तर ऑनलाइन पन्नास स्क्रूंचं पाकीट घ्यावं लागतं, आणि ते यायला चार दिवस. आम्ही पाकिटं फोडली. स्क्रू, नट, बेअरिंग, पंखे, पिनियन, सर्व्होचे आर्म, पितळी नळीचा अर्धा फूट, बाल्साची अर्धी पट्टी, सगळं सुटं. जुनी पाटी काढून तिथंच दुसरी लावली, ‘सुट्टं मिळेल’. पोरं परतली. दोन रुपयांच्या स्क्रूसाठी सात मिनिटं शोधाशोध होते, आणि या हिशेबात पैसे सुटत नाहीत हे मी कबूल करतो. पण स्क्रूला आलेला मुलगा जाताना सँडपेपर नेतो, सुपरग्लू नेतो, आणि पुढच्या महिन्यात बापाला घेऊन येतो. जे मुळातच मिळत नाही ते उद्यमनगरातले एक निवृत्त टर्नर लेथवर करून देतात. बोटीचा शाफ्ट त्यांच्याइतका सरळ मी कुठे पाहिला नाही. बोट पुढे रंकाळ्यातल्या केंदाळात अडकते, त्याला ते तरी काय करणार.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तेव्हा आम्ही खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवला आणि निश्चिंत झालो. पाणी वरच्या फळीपर्यंत आलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, गावात पेट्रोल नाही, दूध नाही. दुकानाचं काय झालं असेल याचा विचार करायलाही लाज वाटत होती. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर सगळीकडे चिखल. बाल्सा फुगून पापडासारखा वाकला होता. लिथियमचे सेल बाहेर वाळूच्या बादलीत टाकले. खोक्यांचा लगदा झाला होता.

पण किटच्या फ्रेमा, म्हणजे सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या चौकटी, तर प्लॅस्टिकच्या! धुतल्या की नव्या. गेले ते फक्त सूचनांचे कागद आणि डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं. डेकल हा प्रकारच असा, की पाण्यात घातला की कागदावरून सुटतो. आमचे सगळे एकदमच सुटले होते. बायको आणि मी अंगणात तीन दिवस फ्रेमा धूत होतो. कुठली फ्रेम कुठल्या विमानाची हे ओळखायला रविवारचे सात-आठ नेहमीचे लोक आले, ते रणगाड्यावाले डॉक्टरही आले. पिशव्यांत भरून, वर मार्करनं नाव लिहून, अर्ध्याहून कमी किमतीत विकले. सूचना लोकांनी इंटरनेटवरून उतरवल्या. विमानांवरची चक्रं आणि आकडे आमच्या ओळखीच्या नंबरप्लेटवाल्या पेंटरनं बारीक ब्रशनं काढून दिले. त्यातली काही विमानं डेकलवाल्यांपेक्षा देखणी झाली, हे माझं प्रामाणिक मत.

त्यानंतर आम्ही राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर आलो. भाडं कमी. रस्त्यावरून सहज आत शिरणारं गिऱ्हाईक मात्र गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा खिडकीतून पाऊस पाहत उभा होतो आणि जिन्याबद्दल कुरकुरणाऱ्या प्रत्येकाची मनातल्या मनात माफी मागत होतो.

पुरानं एकदाच बुडवलं, कागद अजून बुडवतात. सीमाशुल्काच्या यादीत खेळणी आणि छोट्या प्रमाणातली मॉडेलं एकाच शीर्षकाखाली येतात. २०२० च्या अर्थसंकल्पात त्यावरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. देशी खेळण्यांना आधार मिळावा हा हेतू, आणि लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या बाजूनं मी बोलेनही. पण पन्नाशीतला बँक मॅनेजर महिनाभर भिंगाखाली जोडतो ती जपानी विमानाची किट कायद्यानं खेळणंच. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. तेव्हापासून खोक्यावर ‘१४+’ छापलेलं आहे का हे मी आधी पाहतो, चित्र मागाहून. त्याच सुमारास बाल्साही कडाडला. हे लाकूड मुख्यतः इक्वेडोरमधून येतं, आणि पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यासाठी चीनमध्ये त्याची मागणी एकदम वाढली होती. राजारामपुरीतल्या पोराच्या ग्लायडरला पवनचक्की आडवी येईल असं कुणाला वाटलं असतं?

फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनची आयात बंद झाली. सुटे भाग चालू राहिले, त्यामुळे उलट आमचं बरं झालं. इंजिनिअरिंगची मुलं मोटर, फ्रेम, पंखे वेगवेगळे नेऊन स्वतः जोडतात. फक्त उजळाईवाडीच्या विमानतळाकडे उडवायचं नाही आणि सेलचं माझं भाषण ऐकल्याशिवाय सेल मिळायचा नाही. एक सेल ४.२ व्होल्टला भरला, ३ च्या खाली न्यायचा नाही, महिनाभर ठेवायचा तर ३.८ वर ठेवायचा. एकानं रात्रभर चार्जिंगला लावून सेल उशीसारखा फुगवून आणला होता, तो मी काचेत ठेवलाय.

खरा गल्ला भरतो तो दिवाळीत, आणि तो विमानांनी नाही, किल्ल्यांनी. हे मला उमगायला सहा वर्षं लागली. गल्लीगल्लीत पोरं चिखल-दगड आणून पन्हाळा उभा करतात, त्यावर अळीव पेरतात. त्यांना तटबंदीला फोमशीट लागते, दगडासारखा दिसणारा रंग लागतो, तळ्याच्या पाण्यासाठी रेझिन लागतं. कुंभारवाड्यातले मावळे दोन मापांत मिळतात, त्यामुळे हत्तीपेक्षा मावळा मोठा असा प्रसंग येतो. मी एका मंडळाला प्रमाण समजावून सांगत होतो, की पन्हाळ्याचा ‘तीन दरवाजा’ एवढा असेल तर माणूस एवढाच पाहिजे. त्यांचा म्होरक्या, वय असेल अकरा, म्हणाला, ‘काका, महाराज लहान कशे दाखवायचे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. महाराजांची मूर्ती त्यांनी मोठीच ठेवली आणि मावळे माझ्या मापाचे केले. जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्यासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात आले. त्या दिवाळीत फोमशीट लक्ष्मीपूजनाच्या आधीच संपली. त्याच्या महिनाभर आधी, २६ सप्टेंबरला, हवाई दलानं मिग-२१ निवृत्त केलं. एका निवृत्त फौजीनं आठवड्यात तीन वेळा फोन करून मिगची किट मागितली. दुकानात नव्हती. पुराच्या पिशव्या उपसल्या तर एकीत मिग सापडलं, कॉकपिटची काच नसलेलं. ती आम्ही पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक गरम करून ओढून केली. पैसे घेतले नाहीत म्हणून ते रागावले, आणि दुसऱ्या दिवशी गूळ घेऊन आले.

रविवारी दुपारी दुकानातलं मोठं टेबल मोकळं असतं. ज्याला जे जोडायचंय ते घेऊन यावं, चहा आमचा. फक्त येताना आपापला कटर आणावा, आमचे चार गेलेत.