शाळेच्या गेटवर ४ दिवस सकाळी उभं राहून गाड्या मोजल्या, त्याची गोष्ट

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक प्रायव्हेट शाळा आहे. तिनं नवीन तीन मजली इमारत आणि मैदान मागच्या बाजूला हलवायचा प्लॅन टाकला, आणि त्याची नोटीस गेटजवळच्या खांबावर लागली. मी रोज त्या खांबासमोरून जातो पण वाचली तेव्हा हरकती द्यायला ११ दिवस उरले होते.

ग्रुपवर तोवर पेटलं होतंच. ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत ते एका बाजूला आणि ज्यांची नाहीत ते दुसऱ्या, असं वाटेल, पण तसंही नव्हतं, कारण सकाळी हॉर्न ऐकून वैतागलेल्यांमध्ये तिथलेच दोन पालक होते. शाळा आधी आली का घरं, यावर तर एक अख्खी रात्र गेली. मग समोरच्या काकूंनी एक मजकूर टाईप केला, प्रिंटा काढल्या आणि १४० जणांच्या सह्या घेतल्या. मीही केली.

सबमिट करायला गेलो तर खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, सगळ्यांचा मजकूर एकच आहे ना, मग मुद्दा एकच धरला जाईल. त्यात "शांतता भंग होईल, ट्रॅफिक वाढेल" एवढंच होतं. मी जरा चिडूनच विचारलं की मग काय लिहायचं, तर म्हणाला फाईल बघितली का? बघितली नव्हती. आमच्यापैकी कोणीच बघितली नव्हती, खरं सांगायचं तर.

फाईल बघायला मिळते, अर्ज द्यायचा आणि टेबलावर बसून वाचायची, बस. दोन दुपारी गेल्या त्यात. नकाशे डोक्यावरून गेले पण एक ओळ सापडली, विद्यार्थी ६०० वरून ९०० होणार. आणि एक ट्रॅफिक रिपोर्ट होता, त्यात लिहिलेलं की गेटची क्षमता तासाला ३६० गाड्यांची आहे आणि येतात १५० च्या आसपास, म्हणजे काहीच अडचण नाही. वाचून मला हसू आलं, कारण रोज सकाळी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत रांग मी डोळ्यांनी बघतो.

घोळ कुठे होता तर सरासरीत. शाळेत कोणी तासभर पसरून येत नाही, सगळे घंटा व्हायच्या आधीच्या १५ मिनिटांत येतात. मी ४ दिवस सकाळी वही घेऊन उभा राहिलो (वॉचमनला वाटलं मी कुठल्या डिपार्टमेंटचा आहे, त्यानं खुर्ची दिली). त्या १५ मिनिटांत साधारण ११० गाड्या. गेटसमोर एका वेळी ४ गाड्या थांबतात, एक मूल उतरून दप्तर घेऊन टाटा करून जाईपर्यंत ४० सेकंद, म्हणजे मिनिटाला ६, पंधरा मिनिटांत ९०. उरल्या २०. रांगेत एक गाडी पुढच्या मोकळ्या जागेसकट ६ मीटर धरली तर १२० मीटर. गेटपासून कोपरा १५० मीटर. आता मुलं दीडपट केली की गाड्या १६५, उरतात ७५, रांग ४५० मीटर, म्हणजे कोपरा ओलांडून मेन रोडवर ३०० मीटर. आणि रिपोर्टवाल्यांनी मोजणी केली ती तारीख बघितली तर परीक्षेचे दिवस, वरच्या वर्गांची वेळच वेगळी.

आवाजाच्या बाबतीत मात्र आमचंच चुकत होतं. सगळे म्हणत होते मुलं दीडपट तर गोंगाट दीडपट. पण डेसिबलचा हिशोब तसा चालत नाही, तेवढाच आवाज करणारे दुप्पट झाले तरी ३ डेसिबल वाढतात, दीडपटीला २ सुद्धा नाही, कानाला फरक जेमतेम कळेल. खरा प्रश्न अंतराचा होता. मैदान मागच्या भिंतीपासून ४० मीटरवर होतं ते १० वर येणार होतं, आणि मोकळ्यावर अंतर निम्मं झालं की साधारण ६ डेसिबल वाढतात, इथे दोनदा निम्मं, म्हणजे १२. हे फक्त भिंतीमागच्या चार घरांना लागू होतं आणि त्या चौघांपैकी कोणी ग्रुपवर एक शब्द बोललं नव्हतं, ओरडत होतो आम्ही पुढचे.

सुनावणीला प्रत्येकाला ३ मिनिटं. एकजण संस्कृती वगैरेवर बोलला आणि तिथेच त्याची वेळ संपली. मी वहीतले आकडे वाचले आणि "इमारत नको" असं म्हटलं नाही, एवढंच म्हटलं की शाळा दोन बॅचमध्ये भरवा, मध्ये २५ मिनिटं ठेवा, मग एका बॅचला ८२-८३ गाड्या येतील, त्या ९० मध्ये बसतात. शाळेच्या आर्किटेक्टनं कॅल्क्युलेटर काढला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, पण तो मान हलवत खाली बसला.

मंजुरी मिळाली, अटींसकट. दोन बॅच, मैदान आहे तिथेच, आणि दरवर्षी पटसंख्या लेखी कळवायची, ९०० च्या वर एकही नाही. ही शेवटची अट मी मागितलीच नव्हती, भिंतीमागच्या एका बाईंनी मागितली, आणि मला विचाराल तर सगळ्यात कामाची तीच. उंची मात्र एक फूट कमी झाली नाही.

काकू माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, तूच त्यांना पास करून दिलंस. परवा जिन्यात भेटल्या, म्हणाल्या गाड्यांचं बरंय आता, पण माझ्या बाल्कनीत चार वाजताच सावली येते, ते कुठल्या वहीत लिहिलं होतंस? नव्हतं लिहिलं. सावलीचा नकाशा फाईलमध्ये होता, मी पान उलटलं होतं.