पायाला येत होतं, तोंडाला येत नव्हतं

फुटबॉल कोचच्या डी लायसन्सच्या प्रॅक्टिकलला चिठ्ठी काढली आणि शिकवायचा विषय निघाला फिनिशिंग, म्हणजे बॉल गोलमध्ये मारणं. मनात म्हटलं, अंबाबाई पावली. अकरा वर्षं कोल्हापुरात सिनिअर संघाकडून फॉरवर्डला खेळलोय, शाहू स्टेडियमवर गोल मारून पोरांच्या खांद्यावरून पेठेत गेलोय. फिनिशिंग मला नाही तर कुणाला येणार? आमच्या तुकडीत एक शाळेतले पीटीचे सर होते, आयुष्यात कधी मोठी मॅच न खेळलेले. त्यांना आला होता थ्रो-इन. मला त्यांची कीवच आली.

ते पास झाले. मी नापास.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला आमचं फुटबॉल समजावून सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगतो. इथले बरेचसे संघ तालमींचे आणि मंडळांचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं ऐकून कुणाला कुस्तीचे आखाडे वाटतील, आणि मुळात ते तसंच आहे. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये वरच्या गटात 16 संघ. पाऊस उघडला की हंगाम सुरू होतो, तो पार पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतो. खेळापेक्षा ईर्षा मोठी. दोन पेठांची मॅच असली की त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकसुद्धा जपून बोलतं. कुस्तीला वस्ताद असतो. आमच्या वेळी फुटबॉलला असा वस्ताद नव्हता. सिनिअर खेळाडू ओरडायचे आणि आपण शिकायचं. ‘अरं, पळ की!’ हेच आमचं सगळं प्रशिक्षण.

तिसाव्या वर्षी एका उपांत्य सामन्यात वळताना माझा गुडघा गेला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला तेवढाच. एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारा बंध, तुटलं होतं. मांडीच्या मागच्या बाजूची शीर काढून ती गुडघ्यात बसवली. खर्चाच्या वेळी मंडळाच्या कारभाऱ्यांनी हात वर केले. गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढली म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, नऊ महिने तरी मैदान नाही. नऊ महिन्यांनी परत गेलो. पाय बरा होता, पण समोरचा बॅक, म्हणजे बचाव करणारा, अंगावर आला की मीच अर्धं पाऊल आधी थांबायला लागलो. फॉरवर्डचं ते अर्धं पाऊल गेलं की काही उरत नाही. दोन महिन्यांत बूट पिशवीत घातले.

कोचिंगकडे मी आवडीनं वळलो असं सांगितलं तर ते खोटं होईल. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात भारताकडून फॉरवर्डला खेळला. तेव्हापासून पोराचा हात धरून मैदानावर येणारे आईबाप वाढले होते. एका मित्राची अकादमी होती, त्याला संध्याकाळी माणूस हवा होता आणि मला काम हवं होतं. लायसन्स असेल तर पगार थोडा बरा, म्हणून फॉर्म भरला. एवढंच.

कोर्स सहा दिवसांचा. आम्ही 24 जण. सकाळी मैदान, दुपारी वर्ग. लहान मुलांची वाढ कशी होते, कुठल्या वयाला कुठल्या मापाचा बॉल, सरावाचा आराखडा कागदावर कसा मांडायचा. दुपारच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर पेंगायचो. पीटीचे सर वही भरून लिहून घ्यायचे आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना वाटायचे.

प्रॅक्टिकलला वीस मिनिटं दिली होती. मी खुणेचे प्लास्टिकचे कोन लावले, पोरांना रांगेत उभं केलं, एकानं पास द्यायचा आणि दुसऱ्यानं मारायचा. बारा-तेरा वर्षांची पोरं. पहिल्यानं बारवरून मारला. मी म्हटलं, ‘खाली ठेव.’ दुसऱ्यानंही वरूनच मारला. ‘अरे, खाली ठेव की!’ तिसऱ्यानं विचारलं, ‘सर, खाली कसा ठेवायचा?’

मी गप्प. शेवटी बॉल घेतला, स्वतः मारून दाखवला, थेट कोपऱ्यात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणखी दोन मारले. परीक्षक वहीत काहीतरी लिहीत होते, मला वाटलं खूश आहेत. नंतर त्यांनी शांतपणे विचारलं, ‘वीस मिनिटांत प्रत्येक मुलाला बॉल किती वेळा मिळाला?’ मी मोजलं नव्हतं. त्यांनी मोजलं होतं. चार वेळा. उरलेला वेळ पोरं रांगेत उभी होती आणि मी त्यांना माझा खेळ दाखवत होतो.

कोल्हापूरला परतताना एसटीत डोकं ठणकत होतं. घरी कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, निकाल पोस्टानं येणार आहे.

त्या दिवसांत मी दुसऱ्या फॉरवर्डांची माहिती काढत बसायचो, स्वतःची समजूत घालायला म्हणा हवं तर. फ्रान्सचा थिएरी आन्री, इंग्लंडच्या आर्सेनल क्लबसाठी 228 गोल. ऑक्टोबर 2018 मध्ये मोनाको क्लबचा कोच झाला, जानेवारीत घरी. ते वाचून बरं वाटलं. मग युप हाइंकेस सापडला. जर्मनीच्या बुंडेसलिगा लीगमध्ये 220 गोल आणि कोच म्हणून 2013 साली बायर्न म्युनिक क्लबला एका हंगामात तीन मोठ्या ट्रॉफ्या. आपले पी. के. बॅनर्जी तर होतेच. 1962 च्या जकार्ता एशियाडच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियावर गोल मारणारा माणूस पुढे ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दोघांचा कोच झाला. म्हणजे फॉरवर्ड होता म्हणून शिकवता येत नाही, ही पळवाट माझ्याकडे राहिली नाही.

मग एका मित्राच्या फोनमध्ये माझ्या जुन्या गोलांचे तुकडे मिळाले. गॅलरीतून काढलेले, हललेले, मागं शिट्ट्या आणि शिव्या. याआधी मी ते शंभर वेळा पाहिले असतील, पण दरवेळी बॉल जाळीत जाताना. या वेळी पास येण्याआधीचे तीन सेकंद पाहिले. पुन्हा पुन्हा पाहिले. आणि मला दिसलं की बॉल अजून मिडफिल्डमध्ये आहे तेव्हा मी खांद्यावरून मागं बघतोय. एकदा नाही, दोनदा. बॅक कुठं आहे, गोली किती पुढं आलाय, हे बॉल मिळायच्या आधीच बघून ठेवलेलं. शेवटचं पाऊल बॉलच्या शेजारी पडतंय, मागं नाही. छाती बॉलच्या वर झुकलेली. खाली ठेवायचा तो असा. सगळं पायाला ठाऊक होतं, मला ठाऊक नव्हतं.

अकादमीतल्या पोरांवर प्रयोग सुरू केले. रांगा बंद. छोटं मैदान, चारास चार, दोन्ही बाजूंना गोल, म्हणजे मारण्याची वेळ सतत येते. फॉरवर्डच्या पाठीमागं एक पोरगं उभं करायचो, हातात लाल किंवा पिवळं बिब, म्हणजे सरावाचं बिनबाह्यांचं जाकीट. बॉल यायच्या आत रंग सांगितला तरच गोल धरायचा. पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ. मी तोंड बंद ठेवायला शिकत होतो, ते बिबपेक्षा अवघड गेलं. बॉल दिसला की पाय शिवशिवतो.

दुसऱ्यांदा परीक्षेला गेलो तेव्हा मी एकदाही बॉल मारला नाही. पास झालो. निकाल कळल्यावर पहिला फोन पीटीच्या सरांना केला. पुढं सी, बी, ए, प्रो अशी शिडी आहे. सीची फी भरायला पैसे जमवतोय, बघू.

परवा आमच्या बारा वर्षांखालच्या पोरांची मॅच झाली. एक पोरगं आहे, त्याचे वडील रोज सांगतात, ‘सर, माझ्या पोराला फॉरवर्डलाच घ्या, त्याला दुसरीकडं करमत नाही.’ त्याला पुढं खेळवला. गोल काही झाला नाही. दोनदा बारवरून गेला, एकदा गोलीच्या अंगावर. मॅच संपल्यावर वडील गाडी घेऊन गेटपाशी उभे होते.

‘काय सर, एक पण नाही मारला व्हय त्यानं?’

‘नाही. पण नऊ वेळा मागं बघितलं.’

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोराकडं बघितलं. ‘चल बस,’ म्हणाले आणि किक मारली.