पुरानंतरचा गिलावा
आज दिवसभर सांगलीच्या गणपती पेठेतल्या जुन्या वाड्याचा गिलावा काढला. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं, त्याची ओल अजून भिंतीत आहे. छन्नी टेकवली की खपलीसारखा पोपडा निघतो. चुन्याच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंट थापलेलं. ओलीला बाहेर पडायला वाटच नाही, मग लोणा (भिंतीवर फुटणारा खारा पांढरा थर) फुटणारच.

मालक म्हणाले, "परत सिमेंटच मारा, लवकर आटपंल." आमचे गवंडीमामा ऐकतात होय! "भिंतीला श्वास घेऊ द्या की मालक," म्हणत चुना भिजत घातला. (बिगाऱ्याची हजेरी दोन्हीत तेवढीच.)

उद्या माडीच्या तुळया बघायच्या. वाळवी निघाली तर सुतार लागणार, आणि आमचा सुतार फोन उचलेल तेव्हा खरं.