जागा चुकली

पणजीत शनिवारी रात्री जेवायला गेलं की कोपऱ्यात बँड असतोच. कीबोर्ड, दोन गिटारी, ड्रमच्या जागी बऱ्याचदा मशीन. आणि साडेदहाच्या सुमारास कुणीतरी ओरडतंच, 'हॉटेल कॅलिफोर्निया!' बँडवाले एकमेकांकडे बघून हसतात. त्यांच्यासाठी हे गाणं म्हणजे भैरवी. गायल्याशिवाय सुटका नाही.

परवा सोबत भाचा होता. वय २२, गिटार शिकतो. गाणं छान चाललं होतं, पण शेवटच्या सोलोला गिटारवाल्यानं स्वतःची वाट धरली. पहिल्या चार जागा ओळखीच्या, मग मध्येच मांडोसारखं, म्हणजे आमच्या जुन्या कोंकणी गाण्यांसारखं, काहीतरी डोकावलं, आणि गडी परत यायलाच तयार नाही.

"मामा, हा काय वाजवतोय?" भाच्याच्या हातातला चमचा थांबला.

"छान वाजवतोय की."

बस्स, ठिणगी पडली. बिल देऊन आम्ही रस ऑम्लेटच्या गाड्यावर गेलो (जेवून उठल्यावर पुन्हा खायला गोंयकाराला कारण लागत नाही), आणि शागोतीच्या रश्श्यात उंडा (आमचा गोल पाव) बुडवता बुडवता भांडण रंगलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. शेवटची दोनेक मिनिटं हेच खरं गाणं. ईगल्स बँडच्या डॉन फेल्डर आणि जो वॉल्श या गिटारवाल्यांनी १९७६ च्या रेकॉर्डवर जे वाजवलं ते सुरानं सूर आलं पाहिजे. जमत नसेल तर दुसरं गाणं घ्यावं.

मी मंगेशीच्या अभिषेकीबुवांना साक्षीला काढलं. 'कट्यार काळजात घुसली'मध्ये त्यांनी 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत बांधलं आणि दोन्ही चाली आपण डोक्यावर घेतल्या. जत्रेतल्या नाटकात वन्समोअर मिळाला आणि नटानं तेच पुन्हा घोटलं, तर मागच्या बाकावरचे म्हातारे कुरकुरायचे. नवी जागा हवी! आमच्याकडे याला कव्हर वगैरे म्हणत नाहीत, गाणं म्हणतात.

"ते नाट्यगीत आहे. हे रॉक आहे," भाचा म्हणाला. माझी अर्धी हवा तिथंच गेली, कारण त्यात तथ्य होतं. हा सोलो म्हणजे आलाप नव्हे, बांधलेली बंदिश आहे. फेल्डरचाच किस्सा. घरी केलेल्या टेपवरचे तुकडे तो मायामीच्या स्टुडिओत नव्यानं वाजवायला लागला, तर बँडचा गायक डॉन हेन्लीनं थांबवलं: टेपवर आहे तसंच हवं. टेप कॅलिफोर्नियात, घरी. मग घर सांभाळणाऱ्या बाईंना फोन, त्यांनी कॅसेट लावून रिसीव्हर जवळ धरला, आणि फेल्डरनं आपल्याच ताना ऐकून पाठ केल्या. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतो तीही नक्कलच, स्वतःची.

हा किस्सा मी माझ्या बाजूनं सांगितला. भाच्यानं तो त्याच्या बाजूनं घेतला. "बघ, हेन्लीलासुद्धा जशास तसं हवं होतं!"

गाडेवाल्यानं न विचारता अजून एक उंडा टाकला.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. कॉलेजात मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते मित्राच्या कॅसेटवर, आणि ती होती १९९४ ची. बँड फुटल्यावर १४ वर्षांनी एकत्र येऊन याच मंडळींनी नायलॉनच्या तारांवर, लांबलचक नवी सुरुवात जोडून केलेली लाइव्ह आवृत्ती. तेच मूळ समजून मी कित्येक वर्षं वावरलो. पुढे जुनी रेकॉर्ड ऐकली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, 'हे कुणी बिघडवलं?' आजही कुठल्या बँडनं ती कोंगा ढोलांवरची सुरुवात गाळली की मला चुकल्यासारखं होतं. परवाच्या बँडनंही गाळली होती. मी गप्प बसलो, कारण उदारमतवादी मामा एवढ्यात तोंडघशी पडला असता.

मध्यरात्र झाली तेव्हा स्कूटर काढली. भाचा मागे बसून तोच सोलो गुणगुणत होता, रेकॉर्डवरचा, शिस्तीत. मांडवीच्या पुलावर वारा भणाणत होता आणि बरोब्बर मधोमध त्याची एक जागा चुकली. पुलावर थांबता येत नाही. मी तशीच, गाडी चालवता चालवता, ती त्याला ओरडून गाऊन दाखवली.